नोंद होत नाही

बोरिवली पूर्वेला नॅशनल पार्कच्या भिंतीलगतच्या प्रत्येक सोसायटीत दोन माणसं आपोआप तयार होतात: एक बिबट्यावाला आणि एक पक्षीवाला. बिबट्यावाल्याने बिबट्या पाहिलेला नसतो, पण शेजारच्या कॉम्प्लेक्सच्या सीसीटीव्हीतली क्लिप सगळ्यांच्या आधी त्याच्याकडे आलेली असते. पक्षीवाल्याने मात्र सगळं पाहिलेलं असतं. आपण पोचायच्या जरा आधी.

आमचे पक्षीवाले म्हणजे बी विंगचे नाना. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक देवळाच्या ट्रस्टवर जातात, नानांनी दुर्बीण घेतली. मग मातकट शर्ट, मातकट टोपी, मातकट पिशवी. पक्ष्यांच्या डोळ्यांत भरू नये म्हणून हा रंग. एकदा पहाटेच्या अंधारात वॉचमनच्याही डोळ्यांत भरले नाहीत आणि गेटचा दांडा टोपीवर आला.

नानांबरोबर पार्कात जायचं तर मान आणि स्वाभिमान दोन्ही घट्ट लागतात. "तो साग दिसतोय का? त्याच्या मागचा ऐन. ऐनाची दुसरी फांदी. तिथून दोन वाजता." दोन वाजता म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखं उजवीकडे जरा वर, हे आपल्याला उमगेपर्यंत पक्षी गेलेला असतो. नाना दुर्बीण खाली न घेताच म्हणतात, "गेला! काय सुंदर बसला होता!" या वाक्यात दुःखाचा लवलेश नसतो. मला तर वाटतं, आपला हुकलेला पक्षी नानांना स्वतः पाहिलेल्या पक्ष्याहून जास्त सुख देतो.

कारण नानांच्या हिशेबी पक्षी कष्टाने दिसला पाहिजे. पाचला न उठता दिसलेला पक्षी ते पक्ष्यांत धरत नाहीत. पावसाच्या तोंडावर येणारा नवरंग चालतो, कारण तो नुसती शीळ घालतो आणि तासभर दिसत नाही. तिबोटी खंड्या फारच चालतो, कारण त्याच्यासाठी ओढ्याकाठी डासांना रक्तदान करत बसावं लागतं. रोहित मात्र अजिबात चालत नाही. ठाण्याच्या खाडीत रोहित हजारोंनी उतरतात, २०१५ साली तिथे त्यांचं अभयारण्य झालं, २०२२ मध्ये खाडीचं नाव रामसर यादीत गेलं, लोक रविवारी पोराबाळांना घेऊन भांडुप पंपिंगला जातात. नाना विचारतात, "त्यात बघायचं काय? ते दिसतातच!"

सलीम अलींचा उल्लेख ते एकाच चाळीत वाढल्यासारखा करतात. भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं १९४१ सालचं पुस्तक, अर्थात पुढची आवृत्ती, नानांनी शाळेच्या वहीसारखं खाकी कव्हर घालून ठेवलंय. ५ नोव्हेंबरला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबरला सलीम अलींचा, आणि मधला तो राज्याचा पक्षी सप्ताह. त्या आठवड्यात सोसायटीच्या हॉलमध्ये नानांचं व्याख्यान असतं. गर्दी चांगली होते. नंतर बटाटेवडा असतो.

आता नानी. नानींकडे दुर्बीण नाही. त्यांच्याकडे स्वयंपाकघराची खिडकी आहे आणि खिडकीसमोर, इमारतीच्याही आधीपासूनचा, आंबा.

"अहो, तो मोठ्या चोचीचा येऊन गेला."

"कधी?"

"तुम्ही पार्कात होतात तेव्हा."

"चोचीवर शिंग होतं?"

"मी कुकर लावत होते."

"शेपटी?"

"होती."

"अगं, होती म्हणजे कशी? टोकाला पांढरी?"

"शेपटीसारखी होती."

"नोंद होत नाही," असं म्हणून नाना वही मिटतात. वहीत तारीख, वेळ, जागा, निरीक्षक असे रकाने आखलेले आहेत आणि निरीक्षकाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'स्वतः'. त्यामुळे राखी धनेश हा पक्षी वहीपुरता फक्त कान्हेरीच्या रस्त्यावर राहतो. नानी ज्याला रोज हात जोडतात तो कंपाउंडमधला भारद्वाजही नोंदीवाचूनच फिरतो.

नानांना खरा धक्का बसला तो पर्थहून. लेक तिकडे असते. तिकडचं घड्याळ अडीच तास पुढे, त्यामुळे नाना पाचला उठले की तिची ऑफिसची धांदल. अशाच एका व्हिडिओ कॉलवर तिच्या मागच्या झाडावर आठ-दहा काळे काकाकुवा बसलेले दिसले. आपल्याला काकाकुवा म्हटलं की पांढरा, तुरेवाला, पिंजऱ्यातला आठवतो. हे कोळशासारखे काळे आणि शेपटीत पांढरा पट्टा. नाना उभेच राहिले. पांढऱ्या शेपटीच्या काळ्या काकाकुवांच्या दोन जाती आहेत, दोन्ही जगात फक्त ऑस्ट्रेलियाच्या त्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, आणि ओळखायच्या त्या चोचीवरून.

"अगं, वरची चोच लांब आहे का आखूड?"

"बाबा, मला उशीर होतोय. आणि यांनी फळं कुरतडून गाडीवर सगळा कचरा केलाय!"

"किती रडवेला आवाज गं यांचा," नानी म्हणाल्या, "भुकेले आहेत का?"

लोक विमानाची तिकिटं काढून जे बघायला जातात ते आपल्या लेकीच्या दारात, आणि ती हातात झाडू घेऊन! नाना दिवसभर बोलले नाहीत. मग त्यांनी वाचायला घेतलं आणि जेवताना आम्हा सगळ्यांना पुरवलं. हा काकाकुवा जुन्या निलगिरीच्या ढोलीत घरटं करतो. तेवढी ढोली व्हायला झाडाला शंभरेक वर्षं लागतात. झाडं तुटली, ढोल्या गेल्या, पक्षी घटला. आता तिकडे दर वर्षी एका संध्याकाळी लोक झाडांखाली उभे राहून झोपायला येणारे काकाकुवा मोजतात. "नोंदी ठेवतात," नाना म्हणाले. ऑस्ट्रेलियाला त्यांनी तेवढ्यापुरतं माफ केलं.

एप्रिलमध्ये सी विंगच्या पार्किंगवर झुकलेली आंब्याची जाड फांदी कापायचं ठरलं. रीतसर परवानगी होती, माणसं करवत घेऊन आली होती. नानी खिडकीतून ओरडल्या, "कापू नका, आत ती बसलीय!"

"कोण ती?" नाना नुकतेच पार्कातून आले होते.

"त्या मोठ्या चोचीच्याची बायको. मागेच आत गेली आणि दार लिंपून घेतलंन्. तो रोज उंबरं आणून फटीतून भरवतो. साडेसातला एकदा, मग मी भाजी चिरते तेव्हा."

नानांचा चेहरा त्या वेळी बघायला हवा होता. साडेसातला ते रोज कान्हेरीच्या रस्त्यावर धनेश शोधत असत.

संध्याकाळी कमिटीची तातडीची बैठक. नानांनी सांगितलं, धनेशाची मादी ढोलीचं तोंड विष्ठा-मातीने बंद करते, आतच तिची पिसं झडतात, उडता येत नाही. नराने आणलेल्या घासावर ती आणि पिल्लं जगतात. फांदी पडली तर कुटुंबच संपलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत १८९४ ते १९२० विल्यम नावाचा मोठा धनेश राहत होता, त्याच्यामुळेच तो संस्थेच्या बोधचिन्हावर आहे, हेही सांगितलं. खजिनदार म्हणाले, तो भाडं देत होता का?

"नाना, तुम्ही स्वतः पाहिलंत?" सेक्रेटरींनी विचारलं. "वहीत नोंद आहे?"

हॉलमध्ये शांतता. नानांनी खिशातून पेन काढलं, वही उघडली आणि सगळ्यांसमोर लिहिलं. निरीक्षकाच्या रकान्यात: सौ. मग नानींना बोलावणं गेलं.

"नानी, नक्की धनेशच ना? चोचीवर शिंग होतं?"

नानींनी नानांकडे एकदा पाहिलं. "मी कुकर लावत होते," त्या म्हणाल्या.

फांदी पावसाळ्यानंतर कापायचं ठरलं. हल्ली सकाळी नाना स्वयंपाकघराच्या खिडकीशी असतात, आणि इथे बसायचं तर लसूण सोलायचा, या अटीमुळे वहीच्या त्या पानांना वास येतो. धनेश साडेसातला येतो हे आता अख्ख्या बी विंगला पाठ आहे. नानींची तक्रार एवढीच, की तरी हे गृहस्थ गजर लावून पाचला उठतात, टोपीसकट येऊन ओट्यापाशी बसतात आणि अडीच तास दिवा लावू देत नाहीत.