जास्वंदीच्या नाकात कॅमेरा

घरच्या बागेतल्या फुलांचे फोटो बिघडतात ते कॅमेरा स्वस्तातला असतो म्हणून नव्हे, तर काढणारा फुलाच्या फार जवळ जातो म्हणून, असं माझं ठाम मत आहे. एरवी घरच्या कार्यात सगळ्या नातेवाइकांना ‘जरा मागे सरका, अजून मागे’ म्हणत भिंतीला चिकटवणारा माणूस जास्वंद दिसली की मोबाईल थेट तिच्या नाकात घालायला निघतो. त्याचं फळ दुसऱ्या दिवशी ‘शुभ सकाळ’ या अक्षरांखाली आपल्यापर्यंत पोहोचतं: पुढे लालसर धुकं आणि मागे अत्यंत रेखीव, दोरा न् दोरा मोजता यावा असा, तारेवर वाळत घातलेला पंचा. यात कॅमेऱ्याची काही चूक नाही. प्रत्येक भिंगाला एक किमान अंतर असतं, त्याच्या आत आलेली वस्तू त्याला स्पष्ट दिसूच शकत नाही. फूल त्या हद्दीच्या आत कोंबलं, तर बिचारा कॅमेरा पंचाकडे बघणार नाही तर काय करणार?

बरं, भिंग जवळून पाहू शकणारं असलं, तरी सुटका नाही. फोटोत जेवढी खोली स्पष्ट दिसते ती जवळ जाऊ तशी झपाट्याने आटत जाते. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेला चांगला कॅमेरा घ्या, अॅपर्चर एफ/८ ठेवा आणि सेन्सरवर फुलाची प्रतिमा फुलाच्याच मापाची पडेल इतके जवळ जा. आता स्पष्ट दिसणारा पट्टा आहे सुमारे १ मिलिमीटरचा. जास्वंदीचा केसरांचा दांडा पाकळ्यांच्या बाहेर चांगला दोन-अडीच इंच येतो. एका मिलिमीटरच्या शिध्यात एवढं कुटुंब कसं पोसायचं? दांड्याच्या टोकावरचे पाच लाल ठिपके तेवढे जेवतात, बाकी घर उपाशी. तेच मागे सरकून प्रतिमा निम्म्या मापाची केली, की पट्टा जवळजवळ ३ मिलिमीटर होतो. निम्मं सोडायचं आणि तिप्पट घ्यायचं; असा दर कुठलीही पतपेढी देत नाही, आणि देणाऱ्या पतपेढीत पैसे ठेवू नयेत. त्यात फुलाच्या समोर उभं राहण्याऐवजी बाजूला उभं राहिलं तर अख्खा दांडा कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर येतो आणि बुडापासून टोकापर्यंत स्पष्ट होतो. समोरून फोटो काढण्याचा आपला आग्रह बहुधा पासपोर्टच्या कचेरीतून आलेला असावा.

यावर जाणकार म्हणतील, ‘त्यात काय, अॅपर्चर बारीक करा!’ आणि मोठमोठे दाखले देतील. १९३२ साली कॅलिफोर्नियातल्या काही छायाचित्रकारांनी आपल्या गटाचं नावच ‘एफ/६४’ ठेवलं होतं, इतका त्यांना बारीक अॅपर्चरचा अभिमान. त्या गटात इमोजन कनिंगहॅमबाई होत्या, आणि त्यांचं १९२५चं मॅग्नोलियाच्या फुलाचं छायाचित्र तर चौकट भरून आहे. मान्य. पण ही मंडळी मोठ्या निगेटिव्हचे कॅमेरे वापरत, आणि मॅग्नोलियाचं फूल चांगलं ताटलीएवढं असतं, अबोलीचं नसतं. आपल्या नखाएवढ्या सेन्सरवर छिद्र फार बारीक केलं की प्रकाश कडांवरून वाकतो आणि सगळंच चित्र सारखं मऊ पडतं. शिवाय एफ/८वरून एफ/१६वर गेलं की चौपट वेळ प्रकाश घ्यावा लागतो, आणि तेवढ्यात वारा येतो. सकाळपासून कुठल्या तरी बिल्डिंगमागे दडून बसलेला हा वारा आपण श्वास रोखायचीच वाट पाहत असतो.

दुसरा आक्षेप खिशातून येतो. २०२१च्या आयफोन १३ प्रोसारखे २ सेंटिमीटरवरून फोकस करणारे फोन लोकांच्या हाती आले आहेत. मग अंतराचं पुराण कशाला? कारण २ सेंटिमीटरवर फोन गेला की फुलावर प्रकाश पडायला वाट उरत नाही, उरते ती फोनची सावली. हे काम रुंद भिंगाकडून होत असल्यामुळे पुढचे परागकण भोपळ्याएवढे आणि मागच्या पाकळ्या मटाराएवढ्या दिसतात. त्यापेक्षा हातभर लांबून दोन-तीन पट झूम करावं, उरलेलं नंतर कापून टाकावं. कापल्याने प्रत घसरते, ही तक्रार खरी आहे; पण फोटो शेवटी मावशींच्या व्हॉट्सअॅपवर अंगठ्याएवढा दिसणार आहे, आणि मावशी उत्तरादाखल स्वतःच्या जास्वंदीचा फोटो पाठवणार आहेत. ‘पोर्ट्रेट मोड’वाल्यांशी मी वाद घालत नाही. तो मोड फुलाची कड अंदाजाने ठरवतो आणि निम्मे केसर न्हाव्याच्या सफाईने उडवतो.

सर्वांत वजनदार आक्षेप जर्मन आहे. कार्ल ब्लॉसफेल्ट नावाच्या बर्लिनच्या कलाशिक्षकाने घरगुती बनावटीच्या कॅमेऱ्याने कळ्या, कोंब, देठ कितीतरी पट मोठे करून टिपले आणि १९२८ साली त्यांचं पुस्तक काढून नाव कमावलं. तो जवळ गेलाच होता की! गेला होता, पण कॅमेरा घेऊन झुडपात घुसला नव्हता. त्याने वनस्पती कॅमेऱ्यासमोर आणली, नको ती पानं छाटली, मागे साधा पुठ्ठा लावला. आपल्याकडे तर फूल कुंडीत असतं आणि कुंडी सरकते, हे फोटो काढताना कुणाच्याच लक्षात येत नाही. कुंडी भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे ओढली की मागचं सगळं आपोआप विरघळतं, पंचासकट. ऊन कडक असेल तर कुंडी सावलीत न्यावी, नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी जुनं पांढरं धोतर उन्हाच्या आड धरायला सांगावं. धोतर या कामाला उत्तम. नेसणारे उरले नसल्याने ते घरात मोकळंच असतं.

एका बाबतीत मात्र मागे सरकणं अंगाशी येतं, ते सांगायला हवं. मागे गेलं की चौकटीत गर्द पानं जास्त येतात, कॅमेरा त्यांना पाहून चित्र उजळ करतो आणि लाल जास्वंदीचा लाल रंग इतका भरून वाहतो की पाकळ्यांवरच्या शिरा नाहीशा होऊन नुसता कुंकवाचा डाग उरतो. यावर इलाज आहे: पडद्यावर फुलावर बोट टेकवायचं आणि शेजारी उमटणारं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढायचं. पानं काळवंडतील, काळवंडू देत.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. पुस्तकं पहाटेची शिफारस करतात, कारण वारा पडलेला असतो आणि प्रकाश मवाळ. पण नेमक्या याच वेळी दुसऱ्यांच्या कुंपणावरची फुलं देवासाठी खुडणारे सज्जन प्लॅस्टिकची पिशवी घेऊन फिरायला निघतात. त्यांच्या आधी उठणं माणसाला शक्य नाही. माझी शिफारस गुलबक्षीची आहे. ती दुपारी चारच्या सुमारास उमलते, तिचं तोंड बऱ्यापैकी सपाट असल्याने तीन मिलिमीटरचा शिधा तिला पुरतो, उतरतं ऊन मवाळ होत आलेलं असतं, आणि पिशवीवाले त्या वेळी चहा पीत असतात.