'आजवर कधी लागली का आग?' असे विचारणाऱ्या सभासदास खुले पत्र



गेल्या रविवारी सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तुम्ही उभे राहिलात आणि विचारलेत, "इतक्या वर्षांत आपल्या बिल्डिंगला कधी लागली का आग? मग हा खर्च कशाला?" टाळ्या पडल्या. आग विझवण्याच्या यंत्रणेची दुरुस्ती पुन्हा पुढच्या वर्षावर गेली. घरटी अठरा हजार रुपये, तेही तीन हप्त्यांत, तुम्हाला लूट वाटली. त्याच सभेत लॉबीला ग्रॅनाइट बसवायच्या ठरावाला तुम्हीच अनुमोदन दिलेत आणि त्यावर कोणी एक प्रश्न विचारला नाही. साहेब, मला तुमचा राग आला आहे आणि तो लपवण्याचे काही कारण मला दिसत नाही.

नवव्या मजल्यावरची लाल पेटी तुम्ही शेवटची कधी उघडलीत? मी सभेनंतर उघडली. आत नळी नाही. दोन झाडू, फिनाइलची बाटली आणि कोणाचे तरी जुने पायपुसणे आहे. पितळी नोझल कधीच भंगारात गेले. खाली पंपाच्या खोलीत दाबाचा काटा शून्यावर आहे आणि डिझेल पंपाला बॅटरीच नाही. गच्चीवरची आगीसाठीची राखीव टाकी गळते म्हणून कोरडी ठेवली आहे. म्हणजे चौदा मजल्यांच्या इमारतीत आगीसाठी म्हणून ठेवलेले थेंबभर पाणी वर नाही, आणि ज्या सभेत हे सांगायचे होते तिथे तुम्ही टाळ्या घेतल्यात.

तुमचा एक मुद्दा खरा आहे. "आपण मालमत्ता कर भरतो, आग विझवणे हे महापालिकेचे काम," असे तुम्ही म्हणालात. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत महापालिकांकडे सोपवायच्या कामांत अग्निशमन सेवा आहेच. २०२१ मध्ये मुंबई महापालिकेने २०१४ नंतरच्या इमारतींकडून चौरस मीटरला दहा-पंधरा रुपयांप्रमाणे अग्निसेवा शुल्क मागच्या वर्षांसकट वसूल करायचे ठरवले, तेव्हा लोक चिडले, आणि ते चिडणे रास्त होते. जे बिल्डरकडून त्या त्या वेळी घ्यायचे, ते पुढे रहिवाशांच्या माथी कसे मारता? ओरड झाली, वसुलीला स्थगिती मिळाली. तिथे तुम्ही भांडलात तर मी तुमच्या शेजारी उभा राहीन.

पण बंब फाटकातून आत आल्यावर काय होते, हे एकदा समजून घ्या. शिडी सगळ्या मजल्यांना आणि इमारतीच्या सगळ्या बाजूंना पोहोचत नाही. जवान नळ्या खांद्यावर घेऊन जिन्याने वर चढतात आणि त्या आपल्या मजल्यावरच्या उभ्या पाइपला जोडतात. बंब खालच्या तोंडातून त्याच पाइपात पाणी सोडतो. तो पाइप गंजून फुटलेला असेल, व्हॉल्व्ह जाम असतील, तर पाणी खालीच राहते. रस्त्यापर्यंतची सेवा महापालिकेची, जिन्यातला पाइप आपला. कराची पावती दाखवून त्या पाइपात पाणी चढत नाही.

"पेन्शनरांनी पैसे कुठून आणायचे?" हा तुमचा दुसरा प्रश्न. पण जिन्यात धूर भरला की चौदा मजले उतरता न येणारे नेमके तेच आहेत. लिफ्ट तेव्हा वापरायची नसते. बाराव्या मजल्यावरच्या आजींना वॉकरशिवाय दारापर्यंत येता येत नाही. त्यांचे अठरा हजार आपण बाकीच्यांनी वाटून भरू, मी पहिला भरतो. त्यांचे नाव पुढे करून तुम्ही स्वतःचे वाचवू नका.

६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावातल्या एका पुनर्वसन इमारतीत तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये आग लागली. तिथे गाड्या होत्या, कापडाच्या चिंध्यांचे ढीग होते. धूर जिन्यावाटे वर गेला आणि किमान सात माणसे गेली. आपल्या पार्किंगमध्ये आज जुनी गादी, रंगाचे डबे आणि तुमच्या मुलाने दुकानातून आणून ठेवलेली पुठ्ठ्याची खोकी आहेत. २२ जानेवारी २०२२ ला ताडदेवच्या वीस मजली इमारतीत आग लागली, तेव्हा आतली अग्निशमन यंत्रणा चालत नव्हती, असे समोर आले. तिथेही कोणीतरी 'पुढच्या वर्षी बघू' म्हटले असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि ते सर्टिफिकेट! "ओळखीचा एजन्सीवाला आहे, फॉर्म बी आणून देतो," असे तुम्ही सेक्रेटरींच्या कानात सांगितलेत, पण माईक चालू होता. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचा हा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा राहणाऱ्याची, म्हणजे तुमची आणि माझी. कायदा मोडला तर कैदेचीही तरतूद आहे. पण शिक्षेपेक्षा मला त्या कागदाची जास्त भीती वाटते. आग लागेल तेव्हा तो फायलीत असेल आणि नवव्या मजल्यावर झाडू असतील.

मी विशेष सभेच्या मागणीवर सह्या गोळा करतो आहे. तुमची सही मला पहिली हवी आहे, कारण तुमच्या मागे निम्मी विंग हात वर करते. आणि सभेची वाट न पाहता आज एक करा. बंब वळायला राखलेल्या जागेत, फाटकाच्या डाव्या अंगाला, गेले कित्येक महिने कव्हर घालून उभी असलेली गाडी तुमची आहे. ती तेवढी काढा.

आपला,
सातव्या मजल्यावरचा एक सभासद