वसंताविरुद्ध रीतसर तक्रार

पंचांगाप्रमाणे चैत्र-वैशाख म्हणजे वसंत. हवामान खातं मार्च ते मे या तीन महिन्यांना मान्सूनपूर्व काळ म्हणतं आणि मोकळं होतं. वसंताची त्यांच्या दप्तरी नोंदच नाही. वाई तालुक्यातल्या आमच्या परसात दुपारी अनवाणी उभं राहिलं की खात्याचं म्हणणं पटतं.

ज्यांनी या ऋतूची स्तुती केली, त्यांच्यापैकी कोणाच्या घरी भेंडी लावलेली नसावी. भेंडी, गवार, काकडी, दोडका होळीच्या आत लावा, असं गावात सगळे सांगतात. लावली की तेच सांगतात, "जरा घाईच केलीत."

नळाला पाणी एक दिवसाआड. कधी येणार, ते पाणी सोडणाऱ्याला ठाऊक, आणि तो लग्नाला गेलेला असतो. म्हणून सगळी भिस्त न्हाणीच्या सांडपाण्यावर. त्यावर अळू माजतं, जे कोणी लावलेलंच नाही. वांग्याला बादलीने पाणी घालावं, तर ते भर दुपारी मान टाकतं आणि संध्याकाळी काही झालंच नाही अशा थाटात ताठ उभं राहतं. तोवर घरातलं कोणीतरी म्हणून गेलेलं असतं, "पाणी घातलं नाही वाटतं?"

शेणखत मिसळून वाफा भुसभुशीत केला की शेजारच्या कोंबड्यांना निरोप पोचतो. वाफ्याच्या बरोबर मध्यभागी, एका कुशीवर कलून, पंख पसरून, डोळे अर्धवट मिटून त्यांची धुळीची आंघोळ चालते. काकी म्हणतात, "कोंबडीला काय कळतं हो भाऊ?" पलीकडे काकींचंच रान नांगरून पडलंय. तिथे कोंबडी फिरकत नाही. एवढं तिला कळतं.

आंब्यावरून पावशा 'पेरते व्हा, पेरते व्हा' असा धोशा लावतो तो निराळाच. हा पक्षी स्वतःची अंडी सातभाईंच्या घरट्यात घालून मोकळा होतो. कष्टांबद्दल इतरांना सल्ला देण्याइतका वेळ त्याच्याकडे कसा उरतो, ते उघड आहे.

दुधीचं वेगळंच. उष्मा वाढला की वेलाला नर फुलांचा पूर येतो. मादी फूल एखादंच, देठाशी बोटभर लवदार दुधी घेऊन आलेलं. ही पांढरी फुलं उमलतात तिन्हीसांजेला, डास उठतात त्याच सुमारास. मग बॅटरी तोंडात धरायची, नर फूल खुडून पाकळ्या सोलायच्या आणि परागाचा दांडा मादी फुलावर हलकेच फिरवायचा. ऐन लग्नसराईत गावातली सगळी स्थळं जमतात, आमच्या दुधीचंच मला जमवावं लागतं, आणि रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण थांबून "काय हरवलं का?" विचारतो.

यातून जे तगतं ते अवकाळीसाठी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने राज्यातली द्राक्षं, गहू, डाळिंबं झोपवली, त्यापुढे चार वाफ्यांचं रडगाणं गाण्याची मला लाज वाटते. थोडी. पण पापडाला ऊन हवं असतं नेमका तेव्हाच वळीव येतो, आणि त्याच्या वाऱ्याला अख्ख्या गावात माझाच मांडव सापडतो.

तरीही भेंडी लागते, आणि त्याच आठवड्यात पुण्याहून पाहुणे येतात. दोनदा वाढून घेत म्हणतात, "तुमचं बरं आहे, भाजी फुकट." जाताना डिकीत बसेल एवढी नेतात, आमच्याच पिशव्यांतून. पिशव्या परत येत नाहीत.