कुणाचं पाव्हणं?

आपल्याकडे नावेत बसतात ते पलीकडच्या तीराला जायला. नदीतून नदीच्याच दिशेने जात राहायचं आणि मधली रात्र काठावर तंबूत काढायची, हा प्रकार आमच्या एका मित्राने व्हिडिओत पाहिला होता. व्हिडिओतली नदी कॅनडातली होती. आमच्या वाट्याला नवलाख उंबरे गावची सुधा नदी आली.

वल्ही मारायची हौस असलेला पुणेकर एरवी कोलाड गाठतो. मुळशीचं पाणी 1927 पासून डोंगराखाली भिऱ्याला उतरतं, तिथे वीज तयार करून मोकळं झालं की कुंडलिकेत सुटतं, आणि त्या पाण्यावर राफ्टिंग चालतं. पण वेळापत्रकाने येणारी नदी मित्राला नामंजूर. मावळातल्या आंद्रा नदीचं पाणीही 1922 पासून ठोकळवाडीला अडून भिवपुरीला जातं, म्हणजे तेही घाटाखाली कोकणात नोकरीला. राहता राहिलं जाधववाडीचं धरण आणि त्याच्याखाली इंद्रायणीकडे निघालेली सुधा.

डिसेंबर होता. पायाने पंप मारमारून कयाक फुगवली, लाइफ जॅकेटं चढवली आणि नाव पाण्यात सोडली. नाव टेकली. पाणी घोट्याएवढं होतं. पुढे जरा डोह लागायचा, तिथे आम्ही ऐटीत वल्ही मारायचो. मग खडक लागला की उतरून नाव डोक्यावर. डोह लहान आणि खडक मोठे, त्यामुळे त्या दिवशी आमच्यापेक्षा नावेचाच प्रवास जास्त सुखाचा झाला. धुणं धुणाऱ्या एका मावशींनी मान वर करून विचारलं, “पाणी कुठं हाय म्हणून निघालाय?” मित्र लाइफ जॅकेटचे बंद आवळत म्हणाला, “पुढे आहे.” मावशींनी पुढे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं आणि चादर जोरात आपटली.

संध्याकाळी तंबू ठोकला. नदीकाठचा एकांत, असं मित्र म्हणतो न म्हणतो तोच पहिली बॅटरी चमकली. नावातच नवलाख असलेल्या गावाच्या हद्दीत एकांत शोधायला गेलो, त्याला कोण काय करणार?

“कुणाचं पाव्हणं?”

“कुणाचे नाही आजोबा, असंच.”

हे उत्तर मावळात चालत नाही. माणूस कुणाचा ना कुणाचा पाहुणा असतोच. आजोबांनी आमची आडनावं विचारली, मग मूळ गावं, मग आजोळं. आणि अर्ध्या तासात मित्राच्या चुलत मामीचं माहेर जवळच्या इंदोरीत सापडलं. “मग सरळ सांगायचं की! उघड्यावर कशापायी झोपताय?” त्यानंतर आम्ही इंदोरीकरांचे पाहुणे झालो आणि बॅटऱ्यांची रीघ लागली. कुणी भाकरी आणली, कुणी ठेचा. आमची सुकवलेल्या सूपची पाकिटं एकाने हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, “आजारी हाय का कोन?”

मंडळी निघता निघता मित्राने सहज विचारावं तसं विचारलं, “इकडे बिबट्या येतो का हो?”

“येतो की. पर मानसाला काय करत न्हाय. कुत्र्यासाठी येतो.”

सगळ्यांनी तंबूकडे पाहिलं. दुपारी दोन बिस्किटं घातली तेव्हापासून मागे लागलेलं, मित्राने कौतुकाने ‘कॅप्टन’ नाव ठेवलेलं कुत्रं आमच्या स्लीपिंग बॅगांच्या बरोबर मधोमध वेटोळं करून झोपलं होतं. मित्राने त्याला बाहेर काढलं. ते चेनखालून आत आलं. त्याने बिस्किट लांब फेकलं. कुत्र्याने ते आत आणून खाल्लं. शेवटी मित्रच स्लीपिंग बॅग घेऊन नावेत जाऊन झोपला. पहाटेच्या दवाने नावेत इतकं पाणी साठलं की तेवढं दिवसभर नदीत भेटलं नव्हतं. इंद्रायणीने तुकोबांची गाथा तेरा दिवस पोटात ठेवून कोरडी परत केली. तिच्या या धाकट्या बहिणीला आमची एक स्लीपिंग बॅग एक रात्र सांभाळवली नाही.

सकाळी इंद्रायणीपर्यंत जायचा विषय कुणीच काढला नाही. तळेगावकडे निघालेला दुधाचा टेम्पो थांबला. कॅनच्या राशीवर आडवी पडलेली ती लालभडक कयाक ड्रायव्हरने नीट न्याहाळली.

“किती द्यायचे दादा?”

“तुमचं काय न्हाय, तुम्ही इंदोरीचं पाव्हणं,” तो म्हणाला. “हिचं शंभर द्या. ही कुनाची कोन न्हाय.”