खुडूक गृहस्थ

बदक हा आईपणाच्या बाबतीत कमालीचा बेफिकीर पक्षी आहे. उजाडायच्या आत अंडं घालायचं, तेही खुराड्यात, अंगणात, पन्हळीखाली, जिथे पाय थांबतील तिथे. आणि मागे वळून न बघता डबक्याचा रस्ता धरायचा. त्यातून खाकी कॅम्पबेल जातीची मादी असेल तर विचारूच नका. वर्षाला 300च्या आसपास अंडी घालणाऱ्या या बाईला त्यातलं एक उबवायला सवड नसते. अर्थात दोष तिचा नाही. अंड्यांवर बसलेली मादी नवी अंडी घालत नाही. म्हणून माणसाने पिढ्यान्‌पिढ्या न बसणाऱ्याच माद्या निवडून वाढवल्या आणि वर त्यांनाच नावं ठेवली.

कोकणात यावर बिनखर्ची इलाज आहे. खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी सारायची. ती आपलीच समजून बसते. कोंबडीचं पिल्लू 21 दिवसांत बाहेर येतं, बदकाला 28 लागतात. पण कोंबडीला कॅलेंडर कुठे कळतं? पुढे पिल्लं डबक्यात उतरली की काठावर उभी राहून बिचारी आकांत मांडते, तो भाग वेगळा. माझ्या सासुरवाडीला वर्षानुवर्षं हीच रीत. यंदा मात्र ऐन वेळी एकही कोंबडी खुडूक होईना. सासूबाईंनी डझनभर अंडी भाताच्या तुसात ठेवून माझ्या हाती दिली आणि म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही बघा काही जमतंय का. आता काय, रिकामेच असता."

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला हे वाक्य फार लागतं. शिवाय ते खरं असलं तर जास्तच.

मासळीबाजारातल्या मावशीकडून थर्माकोलचा खोका आणला. साबणाने धुतला, लिंबू चोळलं, उन्हात ठेवला. तरी बल्ब लावल्यावर घरभर बांगड्याचा वास सुटला आणि शेजारचं मांजर आमच्या दारात मुक्कामालाच आलं. बल्ब मिळवणं ही आणखी एक मोहीम. 2015 साली 'उजाला' योजना आली आणि घरोघरी एलईडी लागले. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. जुना तारेचा बल्ब दहातले नऊ हिस्से वीज नुसती तापण्यात घालवायचा, म्हणून तर त्याला हाकललं. अंड्यांना नेमका तोच नालायकपणा हवा होता. दुकानदाराने माळ्यावरून साठचा एक पिवळा बल्ब शोधून दिला. बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा पंखा, एक थर्मोस्टॅट, दमटपणा मोजायचा काटा आणि पाण्याची वाटी. आत 37.5 अंश टिकायला हवं. एखादा अंश खाली गेला तर पिल्लू उशिरा येतं. दोन-तीन अंश वर जाऊन तिथेच राहिला तर येतच नाही.

"अहो," हिने विचारलं, "खोक्याला पंखा लागला, दिवा लागला. हॉलमधला पंखा पावसाळ्यापासून कुरकुरतोय, त्याचं काय?"

मी अंडी फिरवत होतो. प्रत्येक अंड्याला पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा. फिरवलं नाही तर आतला जीव कवचाआतल्या पापुद्र्याला चिकटतो. फिरवायचं तेही दिवसातून विषम वेळा, म्हणजे रात्रीचा लांब पल्ला रोज वेगळ्या कुशीवर निघतो. दुसऱ्या आठवड्यापासून आणखी एक काम वाढलं. रोज पाव तास झाकण उघडून अंडी गार करायची, वर कोमट पाण्याचा शिडकावा करायचा. कारण बसलेली बदकीण खायला उठते आणि ओल्या पिसांनी परत येते. हे ऐकून ही म्हणाली, "म्हणजे तिलासुद्धा रोज पाव तास मोकळीक असते?" यावर मी पुन्हा अंडी फिरवायला घेतली.

हळूहळू लक्षात येऊ लागलं की हा सगळा सरंजाम मिळून जे करतो, ते कोंबडी नुसती बसून करते. खुडूक झाली की तिच्या पोटाखालची पिसं गळतात आणि उघडी, ऊन कातडी अंड्यांना टेकते. तोच तिचा थर्मोस्टॅट. चोचीने ती दिवसरात्र अंडी फिरवते, पेन्सिलीशिवाय. आपल्याकडे 'नुसता बसून असतो' हा माणसाला देण्याचा शेवटचा शेरा आहे. पण असं बसून दाखवा! तीन आठवडे, तोंडातून ब्र न काढता, चहा न मागता.

एका रात्री पावसात वीज गेली. आईच्या गुडघ्याची गरम पाण्याची पिशवी खोक्यात गेली, पाठोपाठ तिची गोधडीही. "माझे गुडघे काही उबवायचे नाहीत, न्या," आई म्हणाली. पण अंडी थंडाव्याला उष्णतेपेक्षा बरी तोंड देतात. वीज आल्यावर मोरीतला दिवा मालवून एक अंडं टॉर्चवर धरलं. कवचाआड लाल शिरांचं जाळं पसरलेलं, आणि त्यात एक गडद ठिपका अंग चोरून हलला. मोरीच्या दाराशी सगळं घर गोळा झालं होतं, मांजरासकट.

शेवटचे तीन दिवस फिरवणं बंद, पाणी वाढवायचं आणि झाकणाला हात लावायचा नाही. मग न फुटलेल्या अंड्यातून आवाज येऊ लागला. पिल्लू आधी आतली हवेची पिशवी फोडतं, पहिला श्वास घेतं आणि बोलायलाच लागतं. कवचाला बारीक टवका उडाला, आणि त्यानंतर दिवस उलटला तरी काही नाही. शेजारचे काका म्हणाले, "चिमट्याने सोला की!" आईने त्यांना खुर्चीवर बसवलं. "कळा ज्याच्या त्याने द्यायच्या असतात." बरोबरच होतं. त्या वेळी आतल्या पापुद्र्यात रक्त खेळत असतं, उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. घाईने सोललं तर पिल्लू रक्तबंबाळ होतं. अखेर चोचीवरच्या इवल्या टोकाने कवच गोल कापत एकेक बाहेर पडलं. भिजलेलं, वाकडं, आणि आल्या आल्या आमच्याकडे बघून रागावलेलं. काही अंडी फुटलीच नाहीत. त्यांचा विषय घरात कुणी काढत नाही.

कोनराड लोरेन्झ नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाच्या मागे रानहंसांची पिल्लं रांगेने चालत. डोळे उघडल्यावर जे हलतं ते आई, हा त्यांचा हिशेब. प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासाबद्दल त्याला 1973 साली नोबेल विभागून मिळालं. मला मिळाली ती फक्त रांग. दूध आणायला निघालो की उंबऱ्यापर्यंत, आंघोळीला गेलो की दाराबाहेर कल्ला. आईच्या पिसांचं तेल अंगाला न लागलेलं पिल्लू पाण्यात भिजून गारठतं, त्यामुळे परातीत पोहून झालं की टॉवेलने टिपायचं कामही माझंच.

दुपारी वर्तमानपत्र घेऊन टेकलो की सगळी माझ्या पावलांवर चढून झोपतात. काल भाजीवाला आला. मी उठू लागलो, तर ही स्वयंपाकघरातून दबक्या आवाजात ओरडली, "उठू नका! आत्ता कुठे त्यांचा डोळा लागलाय."

संधी साधून मी चहा मागितला. बसल्या जागी आला, बिस्किटांसकट.