खामगावची चांदी, गिऱ्हाइकाचा स्क्रीनशॉट

खामगावच्या चांदीचा चोखपणा कसाला लावून पारखता येतो. ‘पैसे पाठवले’ म्हणणाऱ्या स्क्रीनशॉटला कस कुठला? खात्यात जमा दिसेपर्यंत तो नुसता देखणा फोटो.

काही गिऱ्हाइकं आणखी पुढची. पैसे ‘घेण्यासाठी’ विक्रेत्यालाच यूपीआय पिन टाकायला लावतात. पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. पण समोरचा ‘भाऊ, भाऊ’ करत इतकं गोड बोलतो की हे आठवेपर्यंत खातं रिकामं.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात बांधून दिलं. छान! पण विक्रेत्याचं काय? ग्राहकाने परत पाठवलेल्या पैंजणांच्या खोक्यात दगड निघाला, तर विक्रेत्याने खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढलेला असावा.

भेंडवळच्या घटमांडणीत पाऊस-पिकांचं भाकीत होतं; परतीच्या पार्सलचं अजून कुणी मांडलेलं नाही.