जुन्याच टाक्यावर

माझ्या पोटावरचा टाका सुरेख आहे, असं मी म्हणत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी टेबलावर छताकडे बघत पडलेली, आणि त्यांनी नर्सला हाक मारून तो दाखवला. "बघ, कुठे ओढ नाही, सुरकुती नाही. आपण इथूनच जाऊ." गर्भाशयात गाठी आहेत, रक्त पार खाली आलंय, पिशवी काढावी लागणार, ही आधीची सगळी वाक्यं त्या एका वाक्यापुढे फिकी पडली. मी टेबलावरून उतरले ती सत्कार झाल्यासारखी. गल्लीत ऑपरेशनची बातमी सांगतानाही मी आधी टाक्याचं सर्टिफिकेट सांगायचे, मग गाठींचं. वास्तविक त्यात माझं कर्तृत्व शून्य. ओटीपोटावरची ही आडवी चीर फानेनश्टील नावाच्या जर्मन डॉक्टरानं 1900 साली जगापुढे मांडली, 2001 साली इंदापुरात माझ्या सीझरच्या वेळी ती कुणीतरी माझ्यावर घातली, आणि या सगळ्या काळात मी नुसती आडवी होते.

शिवाय मी अनुभवी. बारामतीच्या त्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईंना मी विचारलंसुद्धा, "तुमचं पहिलंच पोट का? माझं दुसरं." त्या बिचाऱ्या घाबरून माझ्याकडे आदरानं बघायला लागल्या. मग मी त्यांना शिकवलं: उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, हाताचा रेटा द्यायचा, खोकला आला की पोटाशी उशी गच्च धरायची. दुसऱ्या दिवशी त्या बाई उठून व्हरांड्यात दोन फेऱ्या मारून आल्या आणि मी अजून कुशीवरच होते. पहिल्या पोटाच्या वेळी मी चोविशीची होते हा तपशील माझ्या व्याख्यानातून राहून गेला होता.

दोन्ही पोटांत एक गोष्ट मात्र तंतोतंत सारखी. वारा सरणे. पोट उघडलं की आतडी रुसतात आणि ती कामाला लागली याची पहिली खूण म्हणजे ही. इंदापूरला माझी आजी खाटेशेजारी पहाऱ्याला होती. वडील व्हरांड्यात. आजी दर तासाला विचारायची, मी मान हलवायची, आजी बाहेर जाऊन वडिलांकडे बघून मान हलवायची. आयुष्यभर ज्यांच्यासमोर मी मोठ्यानं हसलेही नव्हते, ते माझे वडील त्या एका आवाजाची वाट बघत होते. अखेर तो झाला तेव्हा आजीनं बाहेर जाऊन जी घोषणा केली ती मुलगी झाल्याच्या घोषणेपेक्षा वरच्या पट्टीत होती. आता बारामतीला आजी नाही. लेक आहे, आणि तिच्याकडे मोबाईल आहे. तिनं माझ्या सासरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, "मम्मीचा गॅस पास झाला." कुणी हात जोडले, कुणी फुलं पाठवली. आमच्या धाकट्या दीरांनी अभिनंदन लिहिलं आणि पुढे "अशीच प्रगती होत राहो".

हे वाचून मला हसू आलं, आणि टाक्याच्या बाबतीत हसू म्हणजे काय ते ज्यांचं पोट उघडलंय त्यांनाच ठाऊक. शिंक त्याहून वाईट, पण शिंकेला निदान विनोदबुद्धी लागत नाही.

त्या दुखण्यातून मला एक शोध लागला, तो इथे सविस्तर सांगणं भाग आहे, कारण घरात कुणी ऐकून घेत नाही. "बाप रे" म्हटलं की टाका ओढतो. "आई गं" म्हटलं की ओढत नाही. मी पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं. ओठ मिटून फट्कन सोडायचे झाले की पोटाला झटका बसतो, आणि "आई गं"मध्ये ओठ मिटावेच लागत नाहीत. आता हा शोध दुसऱ्या गावात लागला असता तर तो तिथेच संपला असता. पण मी बारामतीची सून, कवी मोरोपंतांच्या गावची. पंत बारामतीच्या नाईकांकडे पुराणिक होते, 1794 मध्ये गेले, आणि जाईपर्यंत त्यांनी एकशे आठ रामायणं लिहिली. माणूस एका रामायणात दमतो. पंत दमत नसत म्हणून स्वतःलाच अडचणी घालून घेत, आणि त्यातलं एक निरोष्ठ रामायण. ओठ मिटल्याशिवाय न उमटणारी अक्षरं, प, फ, ब, भ, म, त्यात वर्ज्य.

पडल्या पडल्या मी त्या अडचणीचं माप घेतलं. प्रत्यक्ष रामाचं नाव गेलं. लक्ष्मण गेला, भरत गेला, मारुती आणि हनुमान दोन्ही नावांनी गेला. बिभीषण, कुंभकर्ण, शूर्पणखा गेले. वाल्मीकीसुद्धा गेले. सीता राहिली, दशरथ राहिला, आणि कैकेयीला कुठलीच अडचण आली नाही. तशी ती कुठेच येत नाही तिला. रावणाच्या 'व'ला अर्धे दात आणि अर्धे ओठ लागतात, तेव्हा त्याच्यावर पंडितांनी भांडावं. आणि कवीला स्वतःचं नाव सांगायची सोय नाही, मोरोपंतात म आणि प. गावाचं सांगायची नाही, बारामतीत ब आणि म. माझ्या माहेरची वाट धरली तर पिंपळी, भवानीनगर, बेलवाडी, निमगाव आणि शेवटी खुद्द इंदापूर, सगळं वर्ज्य. मधल्या सणसरला मात्र थांबता येतं. हे सगळं सांभाळून त्या गृहस्थांनी रामकथा सांगितली, आणि मला साधा चहा मागता येईना? मी तयारी केली आणि हाक मारली, "अहो, जरा चहा करता का?" एक ओठ मिटला नाही, टाका जागचा हलला नाही, आणि मुख्य म्हणजे चहा आला. इतक्या वर्षांत हे वाक्य मी कधी उच्चारलंच नव्हतं, आणि दोष मात्र ह्यांना देत होते. साहित्याचा जीवनाला काय उपयोग असं विचारणाऱ्यांना मी हल्ली हा दाखला देते.

असो. दोन्ही पोटांतला फरक विचाराल तर लोकांची समजूत अशी की सीझर मोठं आणि पिशवी काढणं म्हणजे सामान कमी होणं. सीझरमध्ये पिशवीला चीर देतात, मूल काढतात, पिशवी शिवून जागेवर ठेवतात, आणि ती पुढच्या सहाएक आठवड्यांत आकसत मूळ मापावर येते. बाळ प्यायला लागलं की त्या आकसण्याच्या कळा येतात, तेव्हा बाळाचा राग येतो आणि राग आल्याची लाज वाटते. पिशवी काढताना मात्र तिला धरून ठेवणारे बंध आणि रक्तवाहिन्या एकेक बांधून कापाव्या लागतात, आणि अंगाच्या वाटेचं वरचं टोक शिवून बंद करतात. हा आतला टाका कुणाला दिसत नाही, म्हणून त्याला सुरेख म्हणायलाही कुणी येत नाही. तो नीट सांधेपर्यंत सहा ते आठ आठवडे जड उचलायचं नाही. माझी अंडाशयं ठेवली आहेत. ती काढली असती तर पाळी जायच्या वयातले ते घाम, त्या रात्री, सगळं एकदम दारात उभं राहिलं असतं. ठेवली आहेत हेही मी गल्लीत सांगितलं, टाक्याच्या खालोखाल.

सीझरनंतर टाका दुखायला सवड नव्हती. दर दोन तासांनी कुणीतरी रडायचं, कधी ती, कधी मी. आता सबंध दिवस रिकामा, लक्ष सगळं टाक्याकडे, आणि टाक्यालाही हे कळलेलं.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. इंदापूरला सव्वा महिना मला जमिनीवर पाय टेकवू दिला नव्हता. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, कानात कापूस, डोक्याला फडकं, सकाळी डिंकाचा लाडू, दुपारी अळीवाची खीर, जेवणावर बाळंतशोप. गार पाण्यात हात घातला तर आजी ओरडायची. मला त्या खोलीचा तेव्हा वीट आला होता. भेटायला येणारे सगळे टोपडी घेऊन येत आणि सरळ पाळण्याकडे जात. नवा टीव्ही बाहेर काढला की खोक्याकडे कोण बघतं, तशी मी कोपऱ्यात. तरी खोक्याला लाडू मिळत होते.

आता लोक खास मला भेटायला येतात. बसतात. "सुटलीस बाई, दर महिन्याची कटकट गेली," म्हणतात आणि स्वयंपाकघराकडे बघतात. कुणीतरी चहा ठेवायला हवा असतो. पहिले काही दिवस घरानं डॉक्टरांचा कागद पाळला. मग एका सकाळी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सहज म्हटलं, "तेवढा गव्हाचा डबा इकडं सरकव गं." याच आत्याबाईंनी नणंदेच्या बाळंतपणात तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नव्हता. त्या वाईट नाहीत. ऑपरेशनच्या रात्री दवाखान्याच्या बाकावर त्याच बसून होत्या, आणि मला शुद्ध आल्यावर सगळ्यांत आधी त्यांचाच हात कपाळावर आला. पण त्यांच्या हिशेबात पथ्य हे दुधासाठी असतं. दूध नाही तर पथ्य कसलं? चीर तीच, जागा तीच, आतलं काम उलट जास्तच. सव्वा महिना माझ्यासाठी नव्हताच कधी, हे कळायला मला पन्नाशीच्या जवळ यावं लागलं. त्या दिवशी मी डबा सरकवला नाही, आणि का नाही तेही बोलले नाही. आम्ही दोघी दुपारपर्यंत मुक्या होतो.

त्याच दिवसांत, थंडीत, आमच्या रानातला ऊस तुटत होता. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरकडचा कर्मयोगी, सगळ्या कारखान्यांची धुराडी चालू, आणि रस्त्याकडेला कोप्या पडलेल्या. ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई हंडा घेऊन पाण्याला आली. बीडकडची. वय माझ्याहून बरंच कमी. गाऊनवरून बांधलेला माझा पट्टा तिनं बघितला.

"पिशवी काढली व्हय ताई?"

"हो."

"माझीबी काढलीय. चार वरसं झाली."

मी अनुभवी म्हणून तिला काही सांगणार तेवढ्यात तिनंच विचारलं, "किती दिस बसाय सांगितलं?" मी म्हटलं, दोन महिने. ती काही बोलली नाही. पट्ट्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यो पट्टा कितीला येतो?" मी किंमत सांगितली. "मोळी उचलताना घातला तर चालतंय का?"

मला सांगता आलं नाही. आमच्या डॉक्टरीणबाईंनी ते सांगितलेलं नव्हतं, कारण मी विचारलेलं नव्हतं.

नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांवर मिळून असते, आणि एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा, म्हणजे पैसे कापले. पाळीत पोट दुखलं तरी खाडाच. 2019 मध्ये सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. गोणपाटानं आडोसा केलेल्या कोपीत ना पाणी ना मोरी. पोट दुखतंय म्हणून गेलं तर काढून टाका, कॅन्सर होईल, असं भय घालणारे दवाखाने. मग कर्ज काढून ऑपरेशन, ते फेडायला पुढची उचल. आपल्या चहातली साखर कुठून येते ते या तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही. तिनं भरलेला हंडा डोक्यावर घेतला. मी "अगं, अगं, वजन—" एवढं म्हणाले. ती हसली आणि गेली. तिला हसताना पोट धरावं लागलं नाही.

त्या संध्याकाळी माझं दुःख एवढंसं झालं होतं. सकाळी ते पुन्हा मूळ मापावर आलं, कारण आत्याबाईंना आता बादली हवी होती.

मग मी जाहीर केलं. मला सव्वा महिना पाहिजे. बाळ नसलं तरी पाहिजे. लाडू पाहिजेत, डिंकाचेच. आईला इंदापूरला फोन केला, तिचे गुडघे गेलेत, कढईपुढे उभं राहवत नाही, पण तिनं फोनवर पाऊण तास डिंक कसा तळावा ते सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "तू करू नकोस हं, कढई जड असते." आत्याबाई तिकडून ऐकत होत्या. काही बोलल्या नाहीत. बादली मात्र लेकीकडून उचलवली.

लाडू आणायला हे बाजारात गेले. येताना दोन किलो घेऊन आले.

"अहो, एवढे?"

"दुकानदार म्हणाला, बाळंतीण कोण? म्हटलं, आमचीच मंडळी."

"बरं, मग?"

"मग म्हणाला, काय झालं? म्हटलं, मुलगी."

"अहो! चक्क खोटं?"

"खोटं काय त्यात? मुलगीच आहे आपल्याला. कधी झाली ते त्यानं विचारलं नाही."

दुकानदारानं म्हणे ह्यांच्या पांढऱ्या केसांकडे एकदा नीट बघितलं, गल्ल्यावरून उठून हात मिळवला आणि बाळंतशोपेची पुडी वर फुकट घातली. बाळंतशोप मी खातेय. हे मात्र तेव्हापासून रोज सकाळी काही ना काही आणायला त्याच पेठेत जातात, शर्ट खोचून.